‘रंग : पांढरा’ या एका ओळीपायी गेलेले पाच आठवडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मंजुरी पत्रकावर रंगासाठी एकच ओळ होती आणि तीत ‘पांढरा, मॅट’ (म्हणजे बिनचकाकीचा) असे आधीच लिहून ठेवलेले होते. त्याखाली मी सही करायची, सही झाली की ऑर्डर क्रमांक मिळणार, क्रमांक मिळाला की काम रंगशाळेत जाणार आणि तिथे गेल्यावर नमुना तयार होणार, असा कपाटे बनवणाऱ्या कारखान्याचा क्रम होता. ज्या नमुन्यावरून मी मंजुरी द्यायची, तो नमुना मंजुरी दिल्यानंतरच माझ्या हाती येणार होता. स्वयंपाकघराच्या कामात मोजमापे, आराखडा, कपाटांचे सांगाडे, बिजागऱ्या हे सारे ठरल्या वेळी झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. पण या एका ओळीने पाच आठवडे खाल्ले. त्याचा राग अजून पुरता निवळलेला नाही, आणि दुसऱ्या कुणाचे एवढे दिवस वाया जाऊ नयेत असे मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आमची योजना साधी होती. वरची कपाटे आणि कोपऱ्यातले उंच कपाट रंगवलेले असावे, ओट्याखालच्या तीन रुंद ड्रॉवरचे दर्शनी भाग सागवानी विनियरचे (बोर्डावर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ तावाचे) असावेत आणि ओट्यावरची उघडी फळी अस्सल सागवानाची असावी. समोर दिसणाऱ्या एकूण पृष्ठभागात लाकूड चौथ्या हिश्श्याहून कमी होते, पण ते सगळे एका पट्ट्यात होते. लाकूड थोडेच वापरायचे असेल तर ते एकत्र ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. इथे एक मूठ, तिथे एक चौकट, पलीकडे एक पट्टी असे विखुरले की ते उरलेल्या तुकड्यांचे काम वाटते. एकत्र ठेवले की त्यातल्या रेषा वाचता येतात. तिन्ही ड्रॉवरवर विनियरच्या उभ्या रेषा वरपासून खालपर्यंत अखंड जाव्यात म्हणून एकाच गठ्ठ्यातले, एकामागून एक कापलेले ताव घ्यावे लागतात. हे ऑर्डर देतानाच सांगायला हवे; ताव कापून झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

आता त्या ओळीकडे येते. पांढरा हा एकच रंग नाही, हे रंगाचे काम करणाऱ्यांना सांगावे लागेल असे मला वाटले नव्हते. जर्मनीत 1927 साली चाळीस रंगांपासून सुरू झालेली आरएएल ही क्रमांकपद्धती आज कारखान्यांत सर्रास वापरली जाते, आणि तिच्यातच 9001, 9003, 9010, 9016 असे निरनिराळे पांढरे आहेत. 9010 मध्ये पिवळसर ऊब आहे, 9016 त्याहून थंड आहे आणि 9001 तर सायीकडे झुकतो. रिकाम्या भिंतीवर हे फरक डोळ्यांना सहज कळत नाहीत, पण शेजारी सागवान ठेवला की प्रत्येक पांढरा वेगळा होऊन बसतो. म्हणून पत्रकावर क्रमांक लिहून द्या आणि सहीआधी त्या क्रमांकाचा नमुना दाखवा, एवढीच माझी विनंती होती. कारखान्याच्या खिडकीशी बसलेल्या गृहस्थांचे उत्तर दर वेळी तेच होते : पत्रकात रंगासाठी एवढीच जागा आहे आणि सही नसेल तर काम आत जात नाही.

दहाव्या दिवशी, बऱ्याच फेऱ्यांनंतर, मला नखाएवढ्या चौकोनांचे एक रंगपत्रक मिळाले. चकचकीत कागदावर छापलेल्या त्या चौकोनांवरून मॅट शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा, अंदाज येणे शक्य नव्हते, म्हणून मी ते परत केले. पुढच्या आठवड्यात खरी रंगवलेली फळी आली, पण ती अर्धचकाकीची होती आणि तिच्यावरचा पांढरा कुणीतरी नजरेच्या अंदाजाने मिसळलेला होता. मागच्या बाजूला क्रमांक नव्हता. तिसऱ्या खेपेला क्रमांकासह मॅट फळी मिळाली. ती 9016 होती. घरी आणून सागवानाच्या तुकड्याशेजारी उभी केली तेव्हा ती चक्क निळसर दिसू लागली आणि सागवान नारिंगी. दोन्ही वेगवेगळे पाहिले तेव्हा दोन्ही सुंदर होते.

यात रंगात काही खोट नव्हती, हे मला त्याच रात्री वाचताना समजले आणि त्याने फार दिलासा मिळाला. पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिचांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकात मिशेल यूजेन शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तिथे रंगवलेला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, तो चांगला निघाला. मग त्यांच्या ध्यानात आले की शेजारच्या रंगामुळे डोळ्याला काळा वेगळा भासतो. त्यांनी 1839 मध्ये या विषयावरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतात, हे त्यांचे सार. सागवानात पिवळा आणि नारिंगी आहे. त्याच्या शेजारचा थंड पांढरा म्हणूनच निळा भासतो. लाकडाचा जो अंतर्रंग असेल त्याच अंगाला थोडासा झुकलेला पांढरा घेतला, तर ही ओढाताण कमी होते. आम्ही 9010 वर आलो ते यामुळे. ज्यांना मुद्दाम विरोध हवा आहे त्यांनी निळा किंवा हिरवट करडा सरळ ठसठशीत निवडावा. तो शोभून दिसतो, कारण तो चुकून निळा झालेला नसतो.

परंतु 9010 चा नमुना मिळवण्यासाठी पुन्हा तीच खिडकी आणि पुन्हा तेच पत्रक. या वेळी मला सांगण्यात आले की एका ऑर्डरला तीनच नमुने देण्याचा नियम आहे आणि माझे तीन संपले आहेत. पहिला नमुना छापील कागद होता आणि दुसऱ्यावर क्रमांकच नव्हता, हे मी शांतपणे सांगण्याचा प्रयत्न केला. तो पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. घरी परतताना कपाटे रंगवण्याचा विचारच सोडून द्यावा आणि सगळीकडे विनियर लावून मोकळे व्हावे, असे मनात आले होते.

ही कोंडी फुटली ती आमच्या सुतारकाकांमुळे. ते म्हणाले, “ताई, तुम्ही खिडकीशी कशाला बोलता? रंग जो मिसळतो त्याच्याशी बोला.” दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी थेट रंगशाळेच्या प्रमुखांकडे गेले. जाताना एका कोऱ्या कागदावर सहा गोष्टी लिहून नेल्या होत्या : रंगाचा क्रमांक, चकाकीची पातळी, खाली कोणता बोर्ड आहे, प्रायमर (रंगाआधीचा थर) कोणता, रंग कोणत्या प्रकारचा, आणि हा रंग कोणत्या लाकडाशेजारी बसणार आहे. सोबत पॉलिश केलेला सागवानाचा तुकडा होता. त्यांनी कागद वाचला, तुकडा उजेडात धरून पाहिला आणि दहा मिनिटांत सांगितले की हा कागद पत्रकाला जोडपत्र म्हणून लावा, पत्रकावर ‘रंग जोडपत्राप्रमाणे’ असे लिहा आणि सही करा. पाच आठवडे अडलेले काम दहा मिनिटांत सुटले. नमुना चार दिवसांत आला. त्यांनी साधारण 45 बाय 60 सेंटिमीटरची फळी रंगवून तिचे दोन भाग केले, दोन्हींच्या मागे क्रमांक, तारीख आणि आम्हा दोघांच्या सह्या घातल्या. एक भाग त्यांच्याकडे राहिला आणि एक माझ्याकडे. असा दुभागलेला नमुना मिळाल्याशिवाय कुणीही संपूर्ण रंगकामाला होकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

थांबण्याच्या त्या दिवसांत एक गोष्ट मात्र नकळत हाती लागली. सागवानाच्या दोन तुकड्यांपैकी एक खिडकीत पडून होता आणि दुसरा वेष्टनात होता. महिन्याभराने शेजारी ठेवले तेव्हा ते एकाच झाडाचे वाटेनात. ताजा कापलेला सागवान हिरवट छटेचा आणि पट्ट्यापट्ट्यांचा असतो. उजेडात तो सोनेरी तपकिरी आणि एकसारखा होत जातो. खिडकीतल्या तुकड्यावर चिकटवलेली कागदी चिठ्ठी काढली तर खाली तिच्या आकाराचा फिका चौकोन राहिला होता. अक्रोडाचे लाकूड याउलट काळाबरोबर फिके होते आणि चेरीचे बरेच गडद होते. तेव्हा रंग निवडायचा तो कोऱ्या लाकडाशी जुळवून नव्हे, तर काही आठवडे उजेड पाहिलेल्या आणि वरचा अंतिम थर चढवलेल्या लाकडाशी जुळवून. हा अंतिम थरही लाकडाचा रंग बदलतो : तेलावर आधारित पारदर्शक थर पिवळसर ऊब आणतो आणि पुढेही पिवळा होत जातो, पाण्यावर आधारित थर लाकूड बरेचसे आहे तसे ठेवतो. घाईत अंदाज हवा असेल तर कोऱ्या लाकडावर ओले फडके फिरवावे. ओलसर लाकडाचा रंग थर चढवल्यावरच्या रंगाच्या बराच जवळ असतो.

दिव्यांचा विचार मी याच्याही आधी करायला हवा होता. जुने दिवे 2700 केल्विनचे होते (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) आणि त्यांच्या उजेडात 9010 संध्याकाळी लोण्यासारखा पिवळा दिसे. ओट्यावरचे दिवे 4000 केल्विनचे आणि रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) 90 हून अधिक असलेले घेतले, तेव्हा दिवसाचा आणि रात्रीचा पांढरा एकमेकांच्या जवळ आले. नमुन्याची फळी टेबलावर आडवी ठेवून पाहू नये. कपाट जिथे लागणार तिथेच, उभी, सकाळी, दुपारी आणि दिवे लावून पाहावी, आणि शेजारी लाकडाचा तुकडाही उभाच असावा.

रंगवायच्या शटरसाठी अस्सल लाकूड हवे, असा माझा सुरुवातीचा हट्ट होता. सुतारकाकांनी तो मोडला आणि ते बरोबर होते. लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे चौकटीच्या सांध्यावर रंगाला केसासारखी चीर जाते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, सगळ्या बाजूंना सारखाच वागतो, म्हणून रंगासाठी तो अधिक चांगला. फक्त त्याच्या कापलेल्या कडा रंग आणि पाणी दोन्ही शोषतात, तेव्हा त्या कडांना प्रायमरचे जास्तीचे हात द्यावेत आणि ते दिले आहेत की नाही हे बोट फिरवून पाहावे. कड खरखरीत लागली तर शटर परत पाठवावे.

लाकडाच्या फुगण्या-आक्रसण्याचा हाच नियम उघड्या फळीला लागू होतो. आमची फळी 30 सेंटिमीटर रुंद आहे. लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर एवढ्या रुंदीच्या सागवानी फळीत साधारण दोन मिलिमीटरचा बदल होऊ शकतो, आणि सागवान हे तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. म्हणून फळीची मागची कड भिंतीला घट्ट भिडवलेली नाही आणि खालच्या आधारांत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा आहेत. बसवण्याआधी फळी काही दिवस त्याच खोलीत उघडी ठेवली होती.

सिंकजवळ लाकूड आणू नये, असे अनेक जण सांगतात. आम्ही ड्रॉवर आणि सिंक यांच्यात रंगवलेले एक अरुंद कपाट ठेवले आणि तेवढे अंतर पुरले. जिथे लाकूड ठेवायचेच असेल, तिथे त्याच्या आडव्या कापलेल्या टोकांना सर्वांत जास्त थर द्यावेत, कारण पाणी तिथूनच सर्वाधिक आत जाते. लाकडावर तारेची घासणी मुळीच वापरू नये. तिचे बारीक लोखंडी कण अडकतात आणि ओलावा लागला की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे डाग धरतात, ओकमध्ये तर फारच. आणि एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट, जी खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती : जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना तापते आणि घडीत अडकलेल्या उष्णतेने फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या जागी एकेरी पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

शटर बसवून दोन महिने झाल्यावर उंच कपाटाच्या दारावर खोल ओरखडा पडला आणि ते एक शटर नव्याने करावे लागले. माझ्याकडचा अर्धा नमुना घेऊन मी सरळ रंगशाळेत गेले. त्यांनी मागची सही पाहिली, आपला अर्धा भाग काढून जोडून पाहिला आणि आठव्या दिवशी शटर हाती दिले. शेजारच्या दारात आणि त्यात मला आजही फरक दिसत नाही. तो अर्धा नमुना मी कागदात गुंडाळून वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. सागवानाचा तुकडा मात्र खिडकीशी उघडाच आहे, कारण ड्रॉवरच्या दर्शनी भागांबरोबर त्याचाही रंग बदलत राहायला हवा.