हांबुर्गहून आणलेले चहा आणि सोलापूरचं पाणी

चहा एकटा पिऊन कळत नाही. दोन-तीन कप शेजारी शेजारी ठेवायचे, आलटून पालटून घोट घ्यायचे, मग कळतो. हे मी हांबुर्गला राहायला गेल्यावर शिकले आणि या वेळी सोलापूरला येताना घरच्यांना हेच दाखवायचं असं ठरवूनच बॅग भरली, म्हणजे चॉकलेटं कमी आणि चहाच्या पुड्या जास्त.

हांबुर्ग म्हणजे बंदराचं गाव. कॉफी, मसाले, गालिचे आणि चहा, सगळं इथे उतरायचं आणि पाण्याच्या कालव्यांकाठी लाल विटांची जी उंच गोदामं आहेत (श्पायखरश्टाट म्हणतात, २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली) तिथे साठवलं जायचं. आजही युरोपातल्या चहाच्या व्यापारात या शहराचं नाव मोठं आहे. साध्या गल्लीतल्या चहाच्या दुकानात मागे भिंतभर डबे असतात, तुम्ही सांगाल तेवढा चहा तराजूवर तोलून कागदी पिशवीत देतात, आणि दुकानातली बाई विचारते की दार्जिलिंग पाहिजे तर पहिल्या तोडीचा (म्हणजे हंगामातल्या पहिल्या खुडणीचा) का दुसऱ्या, कुठल्या बागेचा. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीच्या चहाचं जर्मन लोकांना भारी वेड आहे आणि तो मोठ्या प्रमाणात तिकडेच जातो. आपल्याच देशातलं इतकं नाजूक पान आपल्या स्वयंपाकघरात कधी पोचतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि खरं तर ही पोस्ट त्याचसाठी लिहितेय.

हांबुर्गच्या पश्चिमेला, हॉलंडच्या बाजूला ओस्टफ्रीझलांट नावाचा सपाट, वाऱ्याचा भाग आहे, तिथली माणसं वर्षाला माणशी साधारण ३०० लिटर चहा पितात. त्यांचा चहा मुख्यतः आसामचा, एकदम कडक. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा टाकायचा, त्यावर गरम चहा ओतला की खडा तडतडतो, मग कडेने चमचाभर साय सोडायची आणि ढवळायचं अजिबात नाही. पहिल्यांदा साईची मऊ चव लागते, मग कडू चहा, आणि तळाशी गोड. तीन कप तरी घ्यायचेच, आणि बास झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर घरातल्या बायका कप भरतच राहतात. पाहुणचाराच्या बाबतीत आपल्याकडच्या आज्या आणि या बायका एकाच शाळेच्या वाटतात. २०१६ मध्ये जर्मनीने ही चहाची पद्धत स्वतःच्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली.

तर आता सोलापूर. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, घरात येणं-जाणं चालू, पंढरपूरकडचे काका-काकू पण आलेले. काकांची द्राक्षबाग आहे, हे पुढे कामाला येणारे. दुपारी जेवणं झाल्यावर मी डायनिंग टेबलवर पांढरे कप मांडले. पांढरेच पाहिजेत, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. चहा चाखायची एक आंतरराष्ट्रीय ठरलेली पद्धत आहे, आयएसओ ३१०३ म्हणतात, त्यात १०० मिलीला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, झाकण ठेवून ६ मिनिटं. घरी प्यायला ६ मिनिटं जास्त होतात, तीन-चार पुरतात, पण चाखताना मुद्दाम कडक करतात म्हणजे चहातलं चांगलं-वाईट सगळं वर येतं. छोटा डिजिटल काटा, मोबाइलचा टायमर, कपांवर स्टीलच्या ताटल्या. आई म्हणाली, "काय करायलीस गं हे? चहा करायलीस का लॅब उघडायलीस?" आणि स्वतःच खुर्ची ओढून सगळ्यात आधी बसली.

चाखायची रीत पण सांगते. चमच्यात घ्यायचा आणि जोरात भुरका मारायचा, आवाज झालाच पाहिजे. त्याने चहा तोंडभर उडतो आणि वास मागून नाकात चढतो, आणि चहाची अर्ध्याहून जास्त गंमत वासात असते. मोठमोठे टी-टेस्टर असंच करतात. बाबा बशीतून पिणारे, त्यांना शिकवायची गरजच पडली नाही.

सुरुवात दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीने केली. हिवाळाभर झोपलेलं झुडूप फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये जागं होतं आणि जी पहिली कोवळी पानं येतात तो हा चहा. कप बघून काकू म्हणाल्या, "हे तर नुसतं पिवळं पाणी आहे की." रंग फिका सोनेरीच असतो त्याचा, कारण पान खूप वाळवतात आणि हवेत फार काळं पडू देत नाहीत. काळा चहा काळा होतो तो असाच, पान मळलं की त्यातला रस हवेला लागतो आणि तपकिरी होतो, चिरलेलं वांगं काळं पडतं ना, रसायन तेच. इथे ते अर्ध्यावर थांबवतात म्हणून पत्ती पण हिरवट दिसते. वास फुलांचा, चव हलकी आणि जिभेच्या कडेला थोडी चुणचुण. मार्चचा चहा जानेवारीत प्यायलो म्हणजे त्याचा ताजेपणा थोडा ओसरला होता, पण तरी शांतपणे घेतला तर कळतो.

त्याच्या शेजारी दुसऱ्या तोडीचा ठेवला, मे-जूनचा. आणि इथे टेबलवरचा नूर पालटला. रंग तांबूस, आणि वासात पिकलेल्या द्राक्षांचा गोडवा, याला मस्कटेल म्हणतात. काकांनी कप नाकाशी धरला, परत धरला. मग मी सांगितलं की हा वास येतो त्यात तुडतुड्यांचा मोठा हात असतो. तुडतुडे पानाचा रस शोषतात, झुडूप स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि ती चहात उतरतात. काका बघतच राहिले, "अगं तुडतुडे दिसले की आम्ही फवारणीचा पंप काढतो, आणि तिकडं त्याचे जास्तीचे पैसे मिळतेत?" मिळतात खरंच. मग त्यावर अर्धा तास बागेच्या गप्पा झाल्या, सोनाका द्राक्ष आपल्या नान्नजचं कसं, माती बदलली की तेच वाण वेगळं कसं लागतं, वगैरे. मला जे सांगायचं होतं ते काकांनीच सांगून टाकलं. दार्जिलिंगला २००४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं, आपल्या चादरीला आणि डाळिंबालाही पुढे मिळालं, त्यामागे विचार हाच आहे की ती चीज त्या जागेची असते.

आसामचा ऑर्थोडॉक्स म्हणजे अख्ख्या पानाचा. आपण रोज पितो ती दाणेदार सीटीसी पण बरीचशी आसामचीच, पण तिथे पान मशीनमध्ये चिरडून, फाडून, गोळी करतात. १९३० च्या दशकात आसाममध्येच ही पद्धत निघाली. गोळी लगेच रंग सोडते, कडक उतरते आणि दूध-साखरेला पुरून उरते. अख्ख्या पानाच्या आसामला दुसरीच खोली असते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलं दमट, गरम हवेतलं रुंद पान, दुसऱ्या तोडीत सोनेरी टोकं असलेलं, लालभडक उतरतं आणि भाजलेल्या धान्याचा, थोडा काकवीचा वास. बाबांचा नंबर एक हाच.

श्रीलंकेतल्या उवा नावाच्या भागातला चहा घेतला होता. तिथे आधी कॉफीचे मळे होते, १८६९ पासून तांबेरा रोगाने कॉफी बसली आणि १८६७ मध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा इथे लावलेला चहा मग बेटभर पसरला. उवा पूर्वेकडच्या डोंगरउतारावर आहे, जुलै ते सप्टेंबर कोरडे वारे सुटतात तेव्हाच्या तोडीत पुदिन्यासारखा गार वास येतो. वहिनीला तो एकदम आवडला, लिंबू पिळून तर जास्तच. दार्जिलिंगमध्ये लिंबू पिळू नका हां, सगळा वास मरतो.

मग चीनचे तीन. चीन म्हटल्यावर बाबांनी डॉ. कोटणीसांचा विषय काढला नसता तरच नवल, १९३८ मध्ये आपल्या सोलापूरचा माणूस तिकडे जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ मध्ये तिकडेच वारला. मी सांगितलं की युन्नान प्रांतातला काळा चहा, दियानहोंग, फंगछिंग भागात साधारण त्याच सुमारास बनायला लागला, म्हणजे चहाच्या हिशोबात अगदी अलीकडचा. पान आसामच्याच जातीचं, रुंद, पण भरपूर सोनेरी कळ्या. विशेष म्हणजे जास्त वेळ ठेवला तरी सहजी कडू होत नाही, मधासारखा गोड राहतो. बिनदुधाचा चहा कधीच न घेतलेल्या माणसाला पहिला कप मी आता हाच देईन. अनह्वेइ प्रांतातला कीमुन १८७५ पासूनचा, पत्ती बारीक, काळीभोर, वास थोडा कोकोकडे झुकणारा, संयमी चहा आहे, गडबडीत प्यायलात तर काहीच सांगत नाही. आणि शेवटी लापसांग सूचोंग, फुजियानमधल्या वूयी डोंगरातल्या तोंगमू गावाकडचा, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. पुडी उघडली आणि काकू लगेच, "हुरड्याच्या आगटीचा वास!" हुरडा पार्टी नुकतीच झाली होती त्यामुळे सगळ्यांना पटलं. आईने एक घोट घेऊन कप बाजूला सरकवला, काकूंनी तोच कप संपवला. लापसांगचं असंच असतं, मधलं कुणी नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण यावर कुणी बोलत नाही आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, मधे बोअर, आणि प्यायला जार किंवा आरओ. मी दुसऱ्या तोडीचा दार्जिलिंग मुद्दाम दोन कपांत केला, एकात बोअरचं पाणी, एकात आरओचं. पुडी एक, वजन एक, वेळ एक. बोअरच्या पाण्यातला काळपट, गढूळ झाला, वर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा आला, हलवलं की तो भेगाळतो आणि कपाच्या कडेला चिकटतो, आणि द्राक्षांचा वास जवळजवळ गायब. आरओचा कप पारदर्शक तांबूस, वास जिथल्या तिथे. पाण्यातले क्षार चहातल्या द्रव्यांशी जुळतात, त्याचा तो पापुद्रा. युरोपात काही कंपन्या जड पाण्यासाठी चहाचं वेगळं मिश्रणच विकतात. आरओचं पाणी पण अगदी रिकामं असलं तर चहा सपक लागतो, मग त्यात थोडं नळाचं पाणी मिसळा, आमच्याकडे तसाच कप सगळ्यात छान झाला. म्हणजे महागडा चहा आणून बोअरच्या पाण्यात करू नका, पैसे वाया जातील.

दुधाची पण एक फेरी केली, आईचा आग्रह होता. आसाम दुधात शोभला, अगदी मस्त. युन्नान चालला. दार्जिलिंग दोन्ही गेले, नुसतं दूध. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून ज्याच्याकडे मुळात ताकद आहे तोच चहा दुधात टिकतो. सकाळचा आलं घालून उकळलेला चहा आईने दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच पुड्यातला केला आणि तेच बरोबर आहे. सीटीसी त्याच कामासाठी बनलीय, तिला कमी लेखायचं काही कारण नाही. दुपारच्या कपाला मात्र पानाचा चहा घेऊन बघा एवढंच माझं म्हणणं.

घ्यायचा असेल तर इथूनच मागवता येतो, आसाम, दार्जिलिंगच्या बऱ्याच बागा आणि दुकानं ऑनलाइन विकतात. पाकिटावर एफटीजीएफओपी वगैरे लांबलचक अक्षरं असतील ती पानाचा आकार आणि टोकं किती ते सांगतात, चव सांगत नाहीत. त्यापेक्षा बाग, तोड आणि साल लिहिलंय का ते बघा. पहिल्यांदा ५०-५० ग्रॅमच घ्या पण एकदम तीन प्रकार घ्या: दुसऱ्या तोडीचा दार्जिलिंग, ऑर्थोडॉक्स आसाम आणि दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला कुठलाही पानाचा चहा. निलगिरी तुलनेने स्वस्त, सुवासिक आणि करताना थोडं इकडेतिकडे झालं तरी रागवत नाही. मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका, चहा कुठलाही वास पकडतो, आणि काचेच्या बरणीत उन्हात तर नकोच, घट्ट झाकणाचा डबा बघा.

एप्रिल-मेमध्ये तापमान चाळीसच्या वर गेलं की गरम काळा चहा कोण पिणार असं वहिनीने विचारलंच. त्यासाठी निलगिरी किंवा श्रीलंकेचा चहा घ्या, लिटरभर गार पाण्यात दहा-बारा ग्रॅम पत्ती, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळायचा. गार पाण्यात तुरटपणा फार उतरत नाही त्यामुळे साखर लागत नाही. वहिनीने उवाची उरलेली पुडी त्यासाठी ठेवून घेतलीय, तुम्ही केलात तर कुठलं पाणी वापरलं ते पण कळवा.