स्टीम बॉयलरच्या गेजआधी त्याची वेटोळी नळी बघा

न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे शंभरेक वर्षांचं जुनं घर घेतलं, की तळघरात वाफेने घर गरम करणारा स्टीम बॉयलर निघण्याची शक्यता बरीच. अशा घराला दीड पीएसआय (दर चौरस इंचावर दीड पौंड) दाब पुरतो. आपल्या कुकरची शिट्टी साधारण 15 पीएसआयला होते, म्हणजे इथला दाब त्याचा दहावा हिस्सा. बॉयलरवरचं गेज मात्र 0 ते 30 चं. नियमाने ते लागतं, काढू नका. पण दीडला त्याचा काटा जेमतेम थरथरतो. खरा दाब कळायला शेजारी 0 ते 3 चं गेज हवंच.

गेज आणि प्रेशरट्रोल (दाब वाढला की बर्नर बंद करणारा स्विच) ज्या वेटोळ्या पाव इंची नळीवर बसतात, ती पिगटेल. वेटोळ्यात पाणी साठून राहतं, त्यामुळे गरम वाफ आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही. बसवण्याआधी त्यात पाणी भरायला विसरू नका, नाहीतर पहिलीच वाफ थेट वर जाते.

नळी पितळेची घ्या. लोखंडी स्वस्त मिळते, पण गंज सुटून आतूनच बुजते. पिगटेलवर पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. वरच्या तोंडाला प्रेशरट्रोल, बाजूला गेजं. 0 ते 3 च्या गेजआधी छोटा बॉल व्हॉल्व्ह ठेवा, कारण दाब 3 च्या वर गेला की ते बिघडू शकतं. प्रेशरट्रोलच्या वाटेवर मात्र व्हॉल्व्ह अजिबात नको. कोणी चुकून बंद केला, तर बर्नर थांबवायला दाबाची खबरच पोचणार नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप बेताने, पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेपचा तुकडा आत गेला तर तोही नळी बुजवतो. प्रेशरट्रोल जुना, पाऱ्याच्या स्विचचा असेल, तर वेटोळं त्याच्या दर्शनी बाजूशी काटकोनात हवं. तापल्यावर वेटोळं किंचित उलगडतं. दिशा चुकली तर स्विचच कलतो आणि दाबाचा आकडा सरकतो.

बिघाड बहुतेक वेळा चिखलाचा. पिगटेल बुजली की प्रेशरट्रोलला शून्यच दिसतो, बर्नर चालूच राहतो, खोल्यांतल्या रेडिएटरच्या व्हेंटमधून (हवा सोडणाऱ्या झडपेतून) पाणी फुरफुरतं आणि नळ्या ठणठणतात. लोक व्हेंट बदलत बसतात. शेवटचा आधार 15 पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह, पण तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नये.

म्हणून दरवर्षी थंडीआधी, साधारण सप्टेंबरात: बॉयलरचा वीजपुरवठा बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. वायरींचा फोटो काढून त्या सोडवा. एका पान्याने टी धरून दुसऱ्याने प्रेशरट्रोल फिरवा. डब्याला धरून पिळलं तर आतलं काम मोडतं. पिगटेल काढून फुंकून बघा, मोकळी नसेल तर तारेने साफ करा किंवा सरळ नवी लावा. पिगटेल जिथे बसते ते बॉयलरचं भोकही खरवडा. गाळ बऱ्याचदा तिथेच असतो आणि नव्या नळीला उगाच दोष लागतो.

परत जोडल्यावर प्रेशरट्रोलचा कट-इन (बर्नर पुन्हा सुरू होतो तो दाब) 0.5 वर, आत डिफरन्शियलची (सुरू आणि बंद होण्याच्या दाबांतल्या फरकाची) चकती असेल तर ती 1 वर. दोन्हींची बेरीज दीड, तिथे बर्नर थांबायला हवा. पहिल्या आवर्तनात छोट्या गेजकडे बघत उभे राहा. थंड बॉयलरवर काटा शून्याला टेकत नसेल, तर गेज बदला.