संध्याकाळचे सात

दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगहून आलो, जेवलो आणि लगेच लिहायला बसलोय. उद्या आषाढातला शुक्रवार, आमच्या गल्लीची त्र्यंबोली यात्रा आहे. सकाळी पंचगंगेचं नवं पाणी घेऊन पी-ढबाकच्या तालावर टेंबलाईला जायचं, दुपारी मटण, तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी मग काय असतंय ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको.

माझं सगळं दुखणं त्या संध्याकाळच्या वेळेतच होतं. उद्यमनगरात शिफ्ट सुटली की पाय आपोआप तिकडंच वळायचे. दिवसभर मशिनवर उभा असताना आज नाही प्यायची असं अगदी मनापासून वाटायचं आणि सात वाजले की ते वाटणंच कुठं जायचं कुणास ठाऊक. शपथा झाल्या, जोतिबाची झाली, अंबाबाईची झाली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून झाली, आणि लोक काहीही म्हणोत, त्यातली प्रत्येक शपथ मी खरी घेतलेली.

शेवटी घरच्यांनी दवाखान्यात ॲडमिट केलं ते बरंच झालं, कारण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, जिवावर पण बेततं. मला बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, झोपेची औषधं देऊन डॉक्टरांनी त्यातनं काढलं. जोशात घरीच दार लावून सोडायला बघणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, आधी डॉक्टर गाठा. नाहीतर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, फुकट आहे, घरच्यांनी लावला तरी चालतो.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, अंगातली काढून दिली, आता संध्याकाळी कुठं जाणार ते ठरवा. आणि कागदाच्या मागं ए.ए.च्या मिटिंगचा पत्ता लिहून दिला. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडायला एकमेकांना साथ देणाऱ्यांची संघटना. वेळ बघितली तर सात!

शाळेची खोली होती, लहान पोरांची बाकं, फळ्यावर बेरजेची गणितं तशीच. ओळखीचं कोण बघंल म्हणून मी बाहेर पावसात उभा, तर एक वयस्कर अण्णा आले, कुठल्या पेठेतला, काय करतोस, काही नाही, "ये, आत बस, चहा आलाय" एवढंच. सगळ्यांचे कप भरले, माझा मात्र अर्धाच भरला, आणि हातात न देता बाकावर ठेवला. दोन्ही हातांनी धरून प्यालो, एक थेंब सांडला नाही. नंतर घरी आल्यावर डोक्यात आलं की माझे हात थरथरालेत हे त्या माणसाला बघताक्षणी कळलेलं, आणि हे कळायला त्याचेही हात कधीतरी असेच थरथरलेले असणार. त्या अर्ध्या कपामुळं मी परत गेलो, खरं सांगतो.

तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतंय म्हणून कुणाचं काही लिहिणार नाही. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा असली की झालं. खर्चाला डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं टाकायचं. एकेक जण बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. मी घरी मारलेल्या थापा दुसऱ्याच्या तोंडून शब्दाला शब्द ऐकल्या तेव्हा अंगावर काटा आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

अण्णांनी एकदा ए.ए. कशी सुरू झाली ते सांगितलं. १९३५ साल, अमेरिकेत अक्रन म्हणून गाव, बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस, धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा, पलीकडं बार सुरू. तो बारमध्ये गेला नाही, फोनकडं गेला, आणि बोलायला आपल्यासारखाच एखादा दारुडा गावात मिळतो का हे विचारत राहिला. त्यातनं डॉक्टर बॉब भेटले, सर्जन, तेही दारूत बुडालेले. बॉबनी १० जूनला शेवटची घेतली, तोच दिवस ए.ए.चा वाढदिवस धरतात. मला यातला तो फोन फार मोठा वाटतो, कारण मलाही त्या वेळेला देव आठवत नाही, शपथ आठवत नाही, पण नंबर लावता येतो.

बायको घरच्यांसाठी असलेल्या अल-ॲनॉनच्या ऑनलाइन मिटिंगला बसते, १९५१ मध्ये बिलच्या बायकोनं, लोईसनं, आणखी एकीच्या साथीनं ते सुरू केलं. हल्ली ती माझं तोंड हुंगत नाही, खिसे तपासत नाही. परवा म्हणाली, "अहो, तुमची दारू तुम्ही बघा, मी आता रात्री झोपते." मला आधी टोचलं, पण ती खरंच झोपते आणि तिचा चेहरा बदललाय.

तर उद्याचं असं ठरलंय. पाणी घालायला जाणार, मटण पोटभर खाणार, उपाशी राहायचं नाही कारण रिकाम्या पोटी ओढ जास्त होते. पाचला गल्लीतली पोरं प्यायला शेतावर निघतील तेव्हा मी अण्णांना फोन लावणार, ते स्कूटर घेऊन गल्लीच्या तोंडाला येतो म्हणालेत. कालपासून आमच्या शॉपमधला एक पोरगा पण विचारालाय, दादा मी येऊ काय. त्याला साडेसहाला बोलवलंय.