घाट, गाडी आणि अण्णांची वही

साताऱ्यात राहणाऱ्याला घाट चुकत नाही. पुण्याहून परत येताना खंबाटकी, महाबळेश्वरला जायचं तर केळघर नाहीतर पसरणी, कोकणात उतरायचं तर कुंभार्ली. त्यामुळे आमची हिरव्या पाटीची, विजेवर चालणारी गाडी दारात बघून शेजारीपाजारी, पाव्हणेरावळे सगळे एकच विचारतात, "घाटात बॅटरी बसत नाही का?"

बसत नाही, एवढं उत्तर कुणाला पुरत नाही आणि ते बरोबरच आहे. आकडे दाखवावेत असं माझ्या मनात होतं. ते आकडे मला अण्णांमुळे मिळाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर होते. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचं ते वीजघर, डोंगराच्या पोटात. पाळीवर असलेल्या माणसाने तासातासाला प्रत्येक मशीनचं रीडिंग लॉगशीटवर उतरवायचं, ही तिथली शिस्त. माझं लहानपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. घरी आल्यावरही अण्णा पाण्याची टाकी, गॅसची टाकी, दुधाचा हिशेब असं सगळं तारीखवार लिहीत. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात आलो तरी ती सवय सुटली नाही. मार्गशीर्षात आईच्या माहेरची जत्रा असते, मालवणच्या अलीकडे कट्ट्याजवळ. यंदा गाडी घेऊनच जायचं ठरलं तेव्हा अण्णांनी आधी एक नवी वही आणली. ठिकाण, वेळ, किलोमीटर, बॅटरीचे टक्के असे रकाने आखले आणि पुढच्या सीटवर बसले. मागे आई.

गाडी टाटा नेक्सॉन, 45 युनिटची बॅटरी. कागदावर 489 किलोमीटर, पण आपल्या रस्त्यांवर, घरची माणसं आणि सामान घेऊन, मी तीनशे धरून चालते. जाऊन येऊन अंतर साडेसहाशेच्या आसपास. जाताना कुंभार्लीने उतरायचं, येताना फोंडा घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूरला यायचं, असा बेत मुद्दाम आखला. एक घाट उतरायचा, एक चढायचा. दोन्ही वहीत यायला हवे होते.

पहाटे 100 टक्क्यांवर निघालो. उंब्रजला हायवे सोडून उजवीकडे मल्हारपेठच्या रस्त्याला लागलो आणि पाटणला चहा घेतला. तिथून पठाराकडे मान वर केली की वांकुसवड्याच्या पवनचक्क्या दिसतात. या खोऱ्यात वीज सगळीकडून तयार होते, वाऱ्यापासून आणि पाण्यापासूनही. कोयनेचे सगळे टप्पे मिळून क्षमता 1960 मेगावॉट. महाराष्ट्राच्या निम्म्या पोरांनी भूगोलात हा आकडा पाठ केला असेल. मी तो जेवताना ऐकत मोठी झाले.

कोयनानगर सोडून हेळवाकच्या पुढे घाटमाथ्यावर आलो तेव्हा वहीत नोंद झाली: 68 टक्के. इथून खाली चिपळूणपर्यंत उतार, जवळजवळ समुद्रसपाटीला. मी स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन सर्वांत वरच्या पातळीवर नेलं. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकं मोटरला फिरवायला लागतात, मोटर जनरेटरचं काम करते, आणि ती वीज बॅटरीत जाते. त्या वीजनिर्मितीचा जोर चाकांना अडवतो, म्हणून गाडी आपोआप मंदावते. कुंभार्लीच्या वळणांवर मला ब्रेक अगदी मोजक्या वेळा दाबावा लागला. डिझेल गाडीत याच घाटात ब्रेक तापल्याचा वास यायचा, तो आईला अजून आठवतो.

अण्णा वही मांडीवर ठेवून डॅशबोर्डवरच्या उलट्या बाजूला जाणाऱ्या काट्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पोरी, आपण पाण्याचंच काम करतोय की."

त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. ज्या डोंगराच्या अंगावरून आम्ही उतरत होतो त्याच डोंगराच्या आतून शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्याने येतं आणि तिरक्या दाबनळांतून पावणेपाचशे मीटर खाली झेपावतं. ते पोफळीत पेल्टन चाकांवर आदळतं, वीज देतं आणि पुढे वाहत जातं. कोळकेवाडीच्या धरणात ते पुन्हा अडवतात आणि अलोऱ्याला तेच पाणी दुसऱ्यांदा कामाला लावतात. शेवटी ते वाशिष्ठीला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी असं पश्चिमेला वळवायला लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे, म्हणून वीजघरात प्रत्येक घनफुटाचा हिशेब असे. उंचीवर असलेलं वजन म्हणजे साठवलेली वीज, ही गोष्ट अण्णा आयुष्यभर जगले. आमची गाडी माणसांसकट अठराशे किलोची. सहाशे मीटर उंची धरली तर गणिताने ते जवळजवळ तीन युनिट होतात. त्यातलं काही चाकांच्या घर्षणात जातं, काही हवेत, काही मोटर आणि बॅटरीत. उरलेलं परत मिळतं.

पोफळीला नोंद: 70 टक्के. माथ्यावर होते त्यापेक्षा दोन जास्त. अण्णांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

वीजघरात असं कुणालाही सोडत नाहीत, ते आम्हाला ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून अण्णा खाली उतरले आणि डोंगराकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. बस बोगद्यातून आत कशी जायची, आत उन्हाळ्यातसुद्धा अंगात स्वेटर घालून बसलेले लोक कसे असायचे, 1967 च्या डिसेंबरातल्या भूकंपाबद्दल जुने सहकारी काय सांगायचे, हे सगळं त्यांनी आईला पुन्हा सांगितलं. आईने ते आधी ऐकलं नसेल असं नाही, पण तिने एकदाही थांबवलं नाही. मला गाडी घेतल्याचं सार्थक तिथं वाटलं, हे मी लिहून ठेवते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फार कमी लोक सांगतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग रीजन कमी होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून महाबळेश्वरला किंवा कोयनानगरला मुक्काम करून सकाळी घाट उतरणार असाल तर 100 टक्के चार्ज करू नका. 85-90 पुरे.

चिपळूण ते हातखंबा रस्ता चढउताराचा. चार्जिंग एका हॉटेलच्या आवारात केलं. दोन गनपैकी एक बंद होती, आमच्या आधी एक गाडी लागलेली. त्या गृहस्थांनी 80 टक्के होताच स्वतःहून गाडी काढली. ही रीत सगळ्यांनी पाळावी, कारण 80 नंतर फास्ट चार्जिंगचा वेग उतरतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांसाठी मागचा माणूस ताटकळतो. आम्हालाही तासभर लागला. पण सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांना घेऊन निघालात तर दोन-अडीच तासांनी थांबावंच लागतं. हातपाय मोकळे करणं, बाथरूम, जेवण, गोळ्या. तो तास वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

मामाकडे पोचलो तेव्हा 31 टक्के होते. खरी परीक्षा तिथं होती. विहिरीच्या पंपासाठी 15 अँपिअरचा सॉकेट होता, गाडीबरोबर मिळालेला चार्जर त्यात लावला, तर लाल दिवा. अर्थिंग नाही. हा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर वीज पुढे जाऊच देत नाही. गाडीच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून ही खबरदारी. अर्थिंगची तार तोडून किंवा कसली तरी जुगाड करून चार्जरला फसवायचे सल्ले लोक देतात, ते कृपा करून ऐकू नका.

मामा म्हणाला, "अर्थिंगचो खड्डो सुकलो असतलो. पाणी वता." मामेभावाने माडाच्या बुंध्याजवळचा जुना खड्डा शोधला, त्यात मीठ आणि चार बादल्या पाणी ओतलं. अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला. हा तात्पुरता इलाज, कायमचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून नवा रॉड आणि कोळसा आणून व्यवस्थित खड्डा भरून घेतला. पंपाला, फ्रिजला, घरातल्या माणसांनाही ते हवंच होतं. रात्री मध्येच लाइट गेली, परत आली, चार्जिंग आपोआप सुरू झालं. दशावतार बघून पहाटे परतलो तेव्हा 80 च्या पुढे गेलं होतं.

लाइटबिलाचे पैसे मी मामीच्या हातात ठेवायला गेले. मामा चुलीपाशी होता, तिथूनच म्हणाला, "भाचीकडसून लाइटबिल घेवचा? गावात सांगू नको कोणाक." शेवटी अण्णांनी तोडगा काढला: नव्या रॉडचा खर्च आमचा. तो मामाने घेतला.

परतीचा दिवस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोंडा गावात, घाटाच्या पायथ्याला, 79 टक्के. दाजीपूरच्या बाजूला वर आलो तेव्हा 70. दहाबारा किलोमीटरला नऊ टक्के हे बघून कुणीही घाबरेल. पण सपाटीवर तेवढ्या अंतराला तीन लागलेच असते, म्हणजे घाटाची जादा किंमत सहा टक्के. तिथून राधानगरीवरून कोल्हापूर, 85 किलोमीटर, झाडीतला रस्ता, वेग साठच्या आसपास: 48 टक्के. म्हणजे 22 टक्क्यांत 85 किलोमीटर.

कोल्हापूरला जेवता जेवता 80 टक्के केले आणि हायवेला लागलो. इथे मी मुद्दाम बाकीच्या गाड्यांसारखी 95-100 ने चालवली. साताऱ्यात घरी: 36. एकशेवीस किलोमीटरला 44 टक्के गेले. राधानगरीच्या हिशेबाने 31 पुरले असते. अण्णांनी लगेच हरकत घेतली की सातारा कोल्हापूरपेक्षा दोनशे मीटर उंच आहे, ते दोन टक्के वजा कर. केले. तरी अकरा टक्के निव्वळ वेगाने खाल्ले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि घाटासारखा उतारावर तो काही परत देत नाही.

तेव्हा "घाटात काय होतं" या प्रश्नाला माझ्याकडे आता वहीतली पानं आहेत. घाटात गाडी सहा टक्के जादा खाते आणि उतरताना त्यातले थोडे परत करते. रेंज जाते ती पेठ नाका ते कराड सरळ रस्त्यावर, पाय दाबला की.

पाटण, कोयनानगर, हेळवाक या पट्ट्यात हॉटेल चालवणाऱ्यांना एक विनंती. फास्ट चार्जरला लाखांनी खर्च येतो, तो लगेच करा असं म्हणत नाही. पार्किंगच्या भिंतीला 15 अँपिअरचा एक सॉकेट, नीट अर्थिंग, वेगळा सबमीटर आणि युनिटचा दर लिहिलेली पाटी एवढं करा. रात्री मुक्कामाला येणारा माणूस तेवढ्यावर तुमच्याकडे थांबेल. अर्थिंगचा खड्डा कसा भरायचा ते विचारायचं असेल तर अण्णा सांगायला तयार आहेत, आणि ते आकृती काढून सांगतात.