कुंथलगिरीला सकाळी नऊच्या आत पोहोचा

सोलापूर–धुळे महामार्गावर येडशी सोडून बीडच्या दिशेने निघालं की सरमकुंडी फाटा लागतो. तिथे भल्या सकाळी पेढ्याच्या दुकानांपुढे लागलेली गाड्यांची रांग बघितली की माझी चिडचिड होते. पेढा उत्तमच असतो, इकडच्या खव्याला तोड नाही. पण गाडीतली मंडळी आरामात खात, फोटो काढत अकराच्या सुमारास कुंथलगिरीच्या जैन तीर्थात शिरतात, आणि दिगंबर मुनींचा संघ मुक्कामी असला तर तोवर त्यांचा आहार, म्हणजे दिवसातलं एकमेव जेवण, आटोपलेला असतो. मग टेकडी चढायची, आचार्य शांतिसागर महाराजांच्या चरणांवर डोकं ठेवायचं, ‘36 दिवसांचा उपवास’ असं एकमेकांना सांगायचं आणि परतायचं.

कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र, म्हणजे ते मोक्षाला गेले ते ठिकाण, म्हणून पूर्वापार यात्रा होतीच. आजची गर्दी मात्र बरीचशी शांतिसागर महाराजांच्या ओढीने येते. जन्म 1872, गाव भोज, निपाणीजवळ दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचं. घर पाटलांचं, नाव सातगौडा. 1920 मध्ये यरनाळला मुनिदीक्षा, 1924 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या समडोळीत आचार्यपद, आणि 18 सप्टेंबर 1955 ला सकाळी या टेकडीवर सल्लेखनापूर्वक, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडत जाऊन, समाधी. एवढं कुणीही सांगतं. ज्या एका गोष्टीने त्यांनी दक्षिणेतला मुनिमार्ग पुन्हा सरळ केला, ती गोष्ट, म्हणजे आहाराची रीत, संघ मुक्कामी असला की पायथ्याशी रोज सकाळी घडते आणि तिकडे लक्ष द्यायला सवड नसते.

त्यांच्याआधी दक्षिणेतले काही निर्ग्रंथ (दिगंबर) स्वामी गावात जाताना अंगावर वस्त्र घेत, आणि जेवणाचं घर उपाध्ये, म्हणजे मंदिराचे पुजारी, आधीच ठरवून ठेवत. शांतिसागरांनी हे नाकारलं. ठरवलेल्या घरी जायचं नाही, शास्त्रात सांगितलेल्या रीतीने कुणी बोलावलं तरच थांबायचं. लोकांना ती रीत ठाऊकच नव्हती, त्यामुळे सुरुवातीला कित्येकदा ते आहाराविना परतले. श्रावकांना, म्हणजे गृहस्थ जैनांना, पडगाहन (मुनींना आहारासाठी विधिपूर्वक बोलावणं) शिकवावं लागलं ते असं, उपाशी राहून.

आता ती रीत. चौका, म्हणजे मुनींच्या आहारासाठीचं शुद्ध स्वयंपाकघर, लावणाऱ्यांची तयारी पहाटेच सुरू होते. पाणी विहिरीचं, दुहेरी जाड कापडातून गाळलेलं. गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, उकळलेलं 24 तास. गाळण्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, मोरीत नाही. दूध काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत गाळून तापवलेलं हवं. पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. म्हणून बाजारचं पीठ चालत नाही आणि फाट्यावरचा पेढाही या ताटात येऊ शकत नाही. (एक आजोबा हौसेने पेढ्याचा डबा घेऊन चौक्याच्या दारात आलेले पाहिले आहेत. त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही, नुसतं हटकलं. ते चुकलंच.)

महाराज देवदर्शन करून निघतात ते उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवून. आहाराला निघाल्याची ती खूण. मनात एखादा विधी धरलेला असतो: दारात जोडपं असेल, हातात कलश असेल, नारळ असेल तरच थांबायचं. काय धरलंय ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येक दारात निरनिराळ्या वस्तू हातात घेऊन लोक उभे दिसतात. ‘हे स्वामी, नमोस्तु नमोस्तु नमोस्तु, अत्र अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ तिष्ठ’ हा पुकारा एकाच वेळी दहा दारांतून सुरू होतो. महाराज थांबले की तीन प्रदक्षिणा, मग आत उच्चासन, पादप्रक्षालन, पूजा, नमस्कार, आणि मन, वचन, काया व आहारजल शुद्ध असल्याचं बोलून सांगणं. ही नवधा भक्ती. यातली एक पायरी विसरली तरी महाराज हात पुढे करत नाहीत.

आहार उभ्याने, दोन्ही हातांच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच. ओंजळीत पडलेला प्रत्येक घास डोळ्यांनी तपासला जातो. केस निघाला, मेलेला किडा दिसला, ओंजळ सुटली की अंतराय, म्हणजे आहारातलं विघ्न, आणि तिथेच आहार संपला. पाणीसुद्धा थेट दुसऱ्या दिवशी. शास्त्रात 32 अंतराय सांगितले आहेत, पण प्रत्यक्षात घोळ होतो तो बहुधा चारच कारणांनी. देणाऱ्याच्या डोक्यावर नीट पदर किंवा कापड नसतं. खोलीत उजेड कमी असतो. घाईने वाढल्यामुळे ओंजळ भरून सांडते. आणि महाराजांनी मीठ, तूप, दूध, साखर, तेल, दही यांपैकी कोणत्या रसाचा त्याग केलाय हे आदल्या दिवशी संघातल्या ब्रह्मचाऱ्यांना विचारलेलं नसतं. पाचवं कारण अलीकडचं: मोबाइल. वाढणाऱ्याच्या कोपराला धक्का देत व्हिडिओ काढणाऱ्यांना दाराबाहेरच उभं करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पाहिलं की टेकडीवरच्या 36 दिवसांचा अर्थ लागतो. शांतिसागरांची दृष्टी अधू होत गेली होती. मुनीने चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं आणि ओंजळीतला घास पाहून खायचा. डोळेच गेल्यावर दोन्ही अशक्य, म्हणजे व्रत मोडून जगणं. त्यांनी 14 ऑगस्ट 1955 ला सल्लेखना घेतली. त्याच महिन्यात आचार्यपद आपले शिष्य वीरसागर महाराज यांना देत असल्याचं जयपूरला कळवलं. 8 सप्टेंबरला त्यांचा शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला, तोही मराठीत. चरित्रांत त्यांच्या मुनिजीवनातल्या 9938 उपवासांचा आकडा देतात. त्यापुढे हे 36 दिवस अचानक आलेले वाटत नाहीत.

एक प्रकरण मात्र भक्तीच्या ओघात एकतर्फी सांगितलं जातं. मुंबई राज्याच्या 1947 च्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्याच्या कक्षेत जैन मंदिरं आली तेव्हा शांतिसागरांनी धान्य सोडलं, आणि अकलूजच्या खटल्यात 1951 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल जैन मंदिरांच्या बाजूने आल्यावरच पुन्हा घेतलं. धर्माची स्वतंत्र ओळख राखली म्हणून हे गौरवाने सांगतात. दार कुणासाठी बंद राहिलं हे कुणी सांगत नाही. गुरूंवर श्रद्धा असूनही मला हे खटकतं.

टेकडी फार उंच नाही, पण वर अनवाणी फिरायचं असल्याने एप्रिल-मेमध्ये फरशी पाय भाजते. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. अभिषेकाला उभं राहायचं तर पुरुषांनी धुतलेलं धोतर-दुपट्टा सोबत आणावा. इकडे पंचामृत अभिषेकाची चाल आहे. उत्तरेकडून आलेल्या तेरापंथी (दिगंबरांमधलाच एक पंथ) मंडळींना ती रुचत नाही आणि गाभाऱ्यातच वाद सुरू होतात. ज्या क्षेत्राची जी रीत, ती पाळावी. तीर्थंकरांच्या मूर्तीला अभिषेक असतो. पिच्छी (मोरपिसांचा कुंचा) आणि कमंडलू घेतलेल्या आचार्यांना अर्घ्य द्यायचं आणि ‘नमोस्तु’ म्हणायचं. वाहिलेले तांदूळ-बदाम प्रसाद म्हणून परत मागू नयेत, ते निर्माल्य.

शांतिसागरांची पुण्यतिथी भाद्रपद शुक्ल द्वितीयेला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. पाऊस, चिखल आणि सणाची गर्दी एकदमच येतात, तेव्हा खोलीची सोय आधी करून ठेवा. जेवण सूर्यास्ताच्या आत. सातला पोहोचून ‘काहीतरी करून द्या’ म्हणून भांडणाऱ्यांना भूम किंवा वाशीचा रस्ता दाखवतात, आणि बरोबरच करतात.