दुसऱ्याच्या अंगठ्याची कळ

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एखादा कारागीर पट्टा शिवत असतो. डाव्या हाताखाली चामडं दाबलेलं, उजव्या हातात आरी. मधेच आरी सटकते आणि अंगठ्यात घुसते. तो अंगठा क्षणभर तोंडात धरतो आणि परत कामाला लागतो. समोरचं गिऱ्हाईक मात्र स्वतःचा अंगठा मुठीत लपवून उभं!

यात नाटक काही नाही. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी लोकांना हातात सुई घुसतानाची चित्रफीत दाखवली. सुई ज्या स्नायूत शिरली, बघणाऱ्याच्या त्याच स्नायूकडे जाणारे मेंदूचे संदेश मंदावले. शेजारचा स्नायू जसाच्या तसा. त्याच हाताला कापसाचा बोळा लावला, तर काही नाही. टोमॅटोत सुई खुपसली, तरी काही नाही. टोमॅटोचं कुणाला काय!

पण कळ आपल्याला खरंच येते का? त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये १६ जोडपी घेतली. बाई स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. आता विजेचा झटका कुणाच्या हाताला, हे पडद्यावरच्या रंगीत बाणावरून कळायचं. झटका त्याला बसला तरी तिच्या मेंदूतला इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट जागे व्हायचे. दुखण्यातली तगमग तिथली. नेमकं कुठं आणि किती दुखतंय याचा हिशेब ठेवणारा भाग मात्र तिला स्वतःला झटका बसला तरच हलायचा. म्हणजे तगमग पोचते, दुखण्याचा पत्ता पोचत नाही.

खासबागेतल्या कुस्तीत पैलवानाचा खांदा पिरगाळला की अख्खं मैदान ‘आई गं!’ करतं. कडेचा वस्ताद पापणी हलवत नाही. त्याला निर्ढावलेला म्हणू नये. सुया टोचून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना असंच तपासलं, तेव्हा त्यांची तगमगीची केंद्रं थंड होती आणि आवर घालणारे कपाळामागचे भाग कामाला लागलेले होते. वस्तादाला पुढं खांदा बसवायचा असतो.

घोटाळा होतो तो दवाखान्यात. ‘हे मला झालं असतं तर?’ असं मनात आणलं की आपलीच घालमेल वाढते. मग ‘बघवत नाही बाबा’ म्हणत पाहुणा पाच मिनिटांत चहाला सटकतो. ‘याला आत्ता काय होतंय?’ एवढंच डोक्यात धरलं तर घालमेल कमी आणि माया तेवढीच. असा माणूस खाटेजवळ स्टूल ओढतो आणि विचारतो, ‘‘कुठं कळ येती रं?’’

‘‘खांद्याखाली उशी जरा सरकव, भावा.’’