अकरा पाने

शाळेच्या महोत्सवाचे पत्र आले. 'आठवणी लिहून पाठवा' हे वाचले आणि डोळ्यांपुढे दुसरे कोणी आलेच नाही. बाई आल्या. बायबलच्या तासाच्या आपल्या बाई. नाव लिहायची गरज नाही.

सातवीत असताना रुग्णालयातल्या मुलांसाठी आपण गोष्टींची पुस्तके गोळा केली होती. मी घरातले एक फाटके पुस्तक आणून टेबलावर ठेवले. मधली अकरा पाने नव्हती. बाईंनी ते चाळले आणि विचारले, "हे तुला नकोच होतं ना?" मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा २४वा अध्याय काढून मला वाचायला दिला. दावीद राजाला देवासाठी वेदी बांधायची आहे. अरवना नावाचा यबूसी माणूस आपले खळे, बैल, लाकूड, सगळे फुकट देऊ करतो. ज्यासाठी आपल्याला काहीच खर्चावे लागले नाही ते देवाला कसे वाहू, म्हणून राजा ५० शेकेल वजनाचे रुपे मोजतो.

मग मधल्या सुटीत मी ग्रंथालयातल्या प्रतीवरून ती पाने उतरवू लागले. बाहेर खेळ रंगलेला असे. बाई समोर बसून खळीने पाने चिकटवत, त्यांचा डबा तसाच बंद. तिथेच त्यांनी पंडिता रमाबाईंबद्दल सांगितले. बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळे केले होते.

"देव आपले कष्ट मोजतो का?" मी विचारले.

"नाही गं. तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही. ख्रिस्तानं वधस्तंभावर त्याची किंमत भरलीय. पण ज्याच्यावर जीव आहे त्याला आपण उरलंसुरलं देतो का?"

शेवटी दोन दिवस मी तापाने घरी होते. परत आले तर पुस्तक पूर्ण. शेवटची दोन पाने बाईंच्या गोल अक्षरात.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे, विभागप्रमुखही झाले. पक्षाघातानंतर पुन्हा चमचा धरायला शिकणारा माणूस तिसऱ्या महिन्यात रडतो, "पुरे आता" म्हणतो. पहिल्या वर्षी मी अशा वेळी घड्याळाकडे बघत असे. आता त्याच्या शेजारी बसून राहते.

ग्रंथालयाच्या खोलीत संगणक आल्याचे कळले. ते हवेतच. पण ते लांब टेबल कुठे गेले? आणि बाई गेल्या तेव्हा मी आले नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. एका दिवसाची रजा मागायची होती, एवढेच.

महोत्सवानिमित्त जुनी पुस्तके बांधायला काढणार असाल तर मला कळवा. शनिवारी मी येईन. खळ घरून शिजवून आणते.